शस्त्रक्रियागृहातील सहायकाने मोजणी कशी सांभाळावी

नागपुरात मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांमध्ये, मिहानच्या एम्समध्ये अथवा धंतोली-रामदासपेठेतील एखाद्या खासगी रुग्णालयात ओटी (शस्त्रक्रियागृह) सहायक म्हणून रुजू होणारा उमेदवार बहुधा हत्यारांची नावे पाठ करण्यापासून सुरुवात करतो. नावे सरावाने येतातच. त्याआधी अंगी बाणवायला हवी ती साहित्याची मोजणी आणि रुग्णाची ओळख पटवण्याची शिस्त.

विदर्भातील खेड्यांतून किंवा छिंदवाडा-बालाघाटकडून आलेला रुग्ण धास्तावलेला असतो आणि कोणत्याही प्रश्नाला मान डोलावतो. म्हणून "तुम्ही अमुकच ना?" असे न विचारता "तुमचं पूर्ण नाव सांगा आणि कोणत्या बाजूचं ऑपरेशन आहे ते हात लावून दाखवा" असे म्हणावे, आणि मिळालेले उत्तर हातावरील पट्टी, केसपेपर, संमतीपत्र व त्वचेवरील खूण यांच्याशी ताडून पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये आणलेल्या सुरक्षा तपासणी यादीचे तीन टप्पे आहेत: भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्ण ओटीबाहेर नेण्यापूर्वी. ती यादी नंतर एकदम भरून टाकू नये.

उन्हाळ्यात घामेजलेल्या अंगावर कॉटरीची (विजेच्या उष्णतेने रक्तस्राव थांबवणाऱ्या यंत्राची) प्लेट नीट चिकटत नाही. त्वचा पुसून कोरडी करावी आणि प्लेट मांडीसारख्या मांसल भागावर पूर्ण टेकवावी, अन्यथा तेथे भाजण्याचा धोका असतो.

छेदापूर्वी हत्यारे, सुया आणि मॉप (रक्त टिपण्याची कापडे) यांची मोजणी दोघांनी मिळून आणि मोठ्याने करावी. गठ्ठ्यातला प्रत्येक मॉप सुटा करून पाहावा, कारण दोन मॉप एकमेकांना चिकटलेले असले की पुढचा सगळा हिशेब चुकतो. मध्येच दिलेला प्रत्येक मॉप आणि प्रत्येक सुई फळ्यावर तत्क्षणी लिहिली गेली पाहिजे. पोट शिवायला घेण्यापूर्वी पुन्हा, त्वचा शिवताना पुन्हा आणि मधेच माणूस बदलला तर त्या वेळीही मोजावे. आकडा जुळला नाही तर वरिष्ठांचा मान राखण्यासाठी गप्प बसणे हा रुग्णावरील अन्याय आहे. "सर, एक मॉप कमी आहे" असे स्पष्ट सांगावे. मग पोट, कापडाच्या घड्या, बादली आणि जमीन शोधावी, आणि तरीही मॉप सापडला नाही तर एक्स-रे काढावा, कारण मॉपमध्ये क्ष-किरणांत दिसणारा धागा असतो. तोवर कचऱ्याची एकही पिशवी बाहेर जाऊ देऊ नये.

शेवटी राहतो तो काढलेला नमुना. डबीच्या झाकणावर नव्हे, तर डबीवरच नाव, नोंदणी क्रमांक आणि बाजू लिहावी. हिस्टोपॅथॉलॉजीसाठीचा (सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीसाठीचा) तुकडा फॉर्मलिन या टिकवण द्रवात ठेवावा. कल्चरसाठीचा (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीसाठीचा) मात्र निर्जंतुक कोरड्या डबीत द्यावा, कारण फॉर्मलिनने जंतू मरतात आणि तपासणी निरुपयोगी ठरते.