शिल्लक बघून शब्द देऊ नका

तुमच्या संस्थेची नोंदणी, पॅन, ८०जी (देणगीदाराला करसवलत मिळते ती मान्यता) हे सगळं उरकलंय असं धरून लिहिते. मोखाड्याकडे कुपोषित मुलांना अंडी, तेल, नागली, गूळ-शेंगदाणे पुरवणाऱ्या एका छोट्या संस्थेचे हिशेब मी बघते.

बँकेतली शिल्लक बघून कुणालाही काही कबूल करू नका. ऐन आषाढात आमच्या खात्यात चार लाखांच्या वर पडून होते आणि किराणावाला उधारीसाठी दारात उभा. पासबुक दाखवलं असतं तर त्याला आम्ही लबाडच वाटलो असतो. पण त्यातले बहुतेक सीएसआरचे, म्हणजे कंपन्यांनी समाजकामासाठी दिलेले, आणि मंजुरीपत्रात साफ लिहिलेलं: स्वयंपाकघराचं बांधकाम. त्यातून एक अंडंही घेता येत नाही. 'नंतर भरून टाकू' म्हणून घेतलंत, तर पैसे ठरल्या कामालाच लागले असं सांगणाऱ्या उपयोगिता प्रमाणपत्रावर सीए सही करणार नाही, आणि त्याशिवाय पुढचा हप्ता नाही. म्हणून दर महिन्याला तीन आकडे कागदावर मांडा: एकूण शिल्लक, त्यातली बांधलेली रक्कम, उरलेली मोकळी. तिसराच आकडा तुमचा. तो स्वयंपाकीण बाईंच्या पगाराइतकाही निघत नाही कधीकधी. घाबरू नका, बहुतेक छोट्या संस्थांचं असंच असतं. किरकोळ देणगीच्या पावतीवर 'सर्वसाधारण निधी' लिहा. उत्साहात 'अंड्यांसाठी' लिहिलंत की तेही पैसे बांधले गेले.

त्यात कंपन्या पैसे सोडतात मार्चमध्ये आणि पोरं खंगतात पावसात, घरातलं धान्य संपल्यावर. मार्चची मोकळी देणगी श्रावणासाठी राखायचीच. पण करमाफी टिकवायची तर वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के ३१ मार्चपर्यंत खर्ची पडायला हवेत. त्यात जेवढं कमी पडेल तेवढं पुढे न्यायला मुदतीत अर्ज लागतो. सीएला मार्चमध्येच सांगा, विवरणपत्र भरताना नाही.

'सगळं ऑनलाइन करून देतो' म्हणणाऱ्या सल्लागारांवर माझा काडीचा विश्वास नाही. त्यापेक्षा दूध सोसायटीचा निवृत्त हिशेबनीस गाठा. व्हाउचर कसं लिहायचं ते तोच शिकवेल. आठवडी बाजारातली अंडीवाली बिल देत नाही. तारीख, नग, दर लिहून तिथेच तिची सही किंवा अंगठा घ्या. महिनाअखेरीला एकाच पेनाने लिहिलेली व्हाउचरं ऑडिटर लांबूनही ओळखतो.

आणि हो, रोख देणगी दोन हजारांपर्यंतच ८०जीत बसते, तांदळाचं पोतं तर मुळीच नाही. देणगीदाराला हे आधीच सांगा. पोतं उतरवून घेतल्यावर सांगितलंत तर तो पुन्हा फिरकत नाही.