टेन्साइल टेस्टिंग मशिनची क्षमता कशी वाचावी

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या औद्योगिक वसाहतीत फौंड्रीसाठी यूटीएम, म्हणजे नमुना ताणून तोडणारे युनिव्हर्सल टेस्टिंग मशिन, घ्यायचे ठरले, की बहुतेक वेळा चर्चा एकाच प्रश्नावर अडते: चाळीस टनी घ्यावे की शंभर टनी? पाटीवर हीच क्षमता साधारण 400 किंवा 1000 किलोन्यूटन अशी लिहिलेली असते, कारण एक टन भार म्हणजे 9.81 किलोन्यूटन. मात्र हा आकडा केवळ कमाल भार सांगतो. कमीत कमी किती भार मशिन विश्वासार्हपणे मोजते, हे त्यावरून कळत नाही.

म्हणून आधी आपल्या नमुन्याचा तुटण्याचा भार काढावा. नमुन्याचे छेदक्षेत्र चौरस मिलिमीटरमध्ये घेऊन त्यास अपेक्षित ताणशक्तीने गुणले की भार न्यूटनमध्ये मिळतो. एफजी 260 ग्रेडच्या (ताणशक्ती 260 न्यूटन प्रति चौरस मिमी) बिडाचा 20 मिमी व्यासाचा नमुना घेतल्यास क्षेत्र 314 चौरस मिमी येते आणि तो सुमारे 82 किलोन्यूटनला तुटणे अपेक्षित असते. याउलट 32 मिमीच्या एफई 500डी ग्रेडच्या बांधकामाच्या सळईचे क्षेत्र 804 चौरस मिमी असल्याने, ताणशक्ती किमान 565 न्यूटन प्रति चौरस मिमी धरली तरी भार 454 किलोन्यूटनवर जातो. तेथे चाळीस टनी मशिन उपयोगाचे नाही.

मग मोठेच मशिन घेतलेले बरे, असे वाटेल. पण खरी फसगत तेथेच होते. 8 मिमीची सळई साधारण 30 किलोन्यूटनला तुटते, म्हणजे 1000 किलोन्यूटनच्या केवळ 3 टक्क्यांवर. मशिनचे कॅलिब्रेशन (प्रमाणित उपकरणाशी वाचन ताडून पाहणे) क्षमतेच्या 20 टक्क्यांपासून पुढे झालेले असेल, तर हे वाचन प्रमाणित कक्षेबाहेरचे ठरते. आयएसओ 7500-1 या अशा मशिनांच्या भारमापनाच्या मानकानुसार वर्ग 1 ची अचूकता म्हणजे दाखवलेल्या भाराच्या ±1 टक्का, आणि तीही प्रमाणपत्रात नमूद केलेल्या कक्षेतच. विक्रेता ‘पूर्ण क्षमतेच्या 1 टक्का’ म्हणत असेल, तर 1000 किलोन्यूटनवर तो फरक 10 किलोन्यूटन होतो. बारीक सळईसाठी अशी अचूकता निरर्थकच. त्यामुळे दरपत्रकापेक्षा कॅलिब्रेशनची खालची मर्यादा आधी मागावी. माझ्या मते नेहमीचे नमुने क्षमतेच्या 20 ते 80 टक्क्यांत तुटावेत, एवढे पाहिले तरी पुरे.

नमुना धरणाऱ्या जबड्यांची क्षमता आणि ते पकडू शकतील तो व्यास मात्र स्वतंत्रपणे तपासावा, कारण साखळीतील सर्वांत कमी क्षमतेच्या भागापुढे भार नेता येत नाही.