ऑफिसनंतर अंगात त्राणच राहत नाही? मग या क्रमाने जा

हिंजवडीतून सुटायचं, वाकडच्या ट्रॅफिकमध्ये अडकायचं, घरी येऊन बूटसुद्धा न काढता सोफ्यावर पडायचं, मोबाईल उघडायचा आणि वर बघावं तर साडेदहा. गंमत म्हणजे ऑफिसचं काम व्यवस्थित होतं, तिथे कोणी नावं ठेवत नाही, बाकी आयुष्यालाच काय ते मरगळ आलेली. चार-सहा दिवसांचं असेल तर सोडून द्या, पण महिना-दोन महिने हेच चालू असेल तर आळशी म्हणून स्वतःला बोल लावण्याआधी हे करा.

१. आधी डॉक्टर, मग बाकीचं सगळं

हिमोग्लोबिन कमी असताना पहाटे उठायचे व्हिडिओ बघून काय होणार? फॅमिली डॉक्टरकडे जा, सरळ सांगा की सतत थकवा आहे. ते बहुतेक सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिन मोजणारी टेस्ट), थायरॉईडची टीएसएच टेस्ट, शुगर, व्हिटॅमिन बी१२ आणि डी यातलं गरजेचं ते लिहून देतील. हिमोग्लोबिन बायकांमध्ये १२ च्या आणि पुरुषांमध्ये १३ च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात. शाकाहारी असाल तर बी१२ चं आवर्जून विचारा, ते मांस-मासे, अंडी आणि दुधातूनच मिळतं, आणि कमी पडलं की थकवा, हातापायांना मुंग्या, विसरभोळेपणा असं काहीही होतं. शुगरसाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर त्यानेही बी१२ कमी होऊ शकतं, त्यामुळे चालू गोळ्यांची यादी सोबत न्या. आणि हो, शेजारच्या काकूंना लागू पडल्या म्हणून बी१२ च्या गोळ्या टेस्टच्या आधीच सुरू करू नका, रिपोर्टमध्ये आकडा छान दिसतो आणि खरं कारण तसंच राहतं.

घोरत असाल आणि आठ तास झोपूनही सकाळी डोकं जड असेल तर तेही सांगा. आपल्याकडे घोरण्यावर फक्त जोक होतात, पण झोपेत श्वास अडकणं म्हणजे स्लीप ॲप्निया हे दिवसभराच्या थकव्याचं खरंखुरं कारण असतं.

२. संध्याकाळचा चहा

मोठ्या माणसाला निदान ७ तास झोप लागते हे सगळ्यांना माहितीये. पण सहाला अमृततुल्यवर घेतलेल्या चहातलं साधारण निम्मं कॅफीन रात्री अकरालाही अंगात असतं, हे कोणी धरतच नाही. दुपारी तीननंतरचा चहा दोन आठवडे बंद करून बघा. पुण्यात हे सांगणं धाडसाचं आहे, कल्पना आहे.

३. सोफ्यावर बसायच्या आधीच उरकायचं

माझ्या मते खरी मेख इथे आहे. आपण मूड यायची वाट बघतो आणि तो काही येत नाही, कारण बऱ्याचदा आधी हालचाल आणि मग इच्छा असा उलटा क्रम असतो. डिप्रेशनच्या उपचारात बिहेवियरल ॲक्टिव्हेशन नावाची पद्धत याच तत्त्वावर चालते. म्हणजे घरी आलात की बॅग दारातच ठेवा, बूट काढू नका, तसेच खाली उतरा आणि दहा मिनिटं चालून या. टेकडी बिकडी नको, सोसायटीला एक चक्कर बास. हनुमान टेकडी, तळजाई रविवारसाठी ठेवा, आणि गेलात तर सकाळच्या उन्हात जा.

छंदाचंही तेच. वाजवायची पेटी (हार्मोनियम) माळ्यावर खोक्यात बांधून ठेवली असेल तर ती कधीच खाली येणार नाही, कोणी स्टूल आणा, कोणी धूळ पुसा! एका रविवारी काढून टेबलावर ठेवा, झाकण उघडंच राहू दे, जाता-येता सुरांच्या सरावाचा एक अलंकार वाजवला तरी चालेल, राग बिग नंतर. क्लास लगेच लावू नका, तीन महिन्यांची फी भरून न जाण्याचा ताप वेगळाच.

४. सुट्टीत काय होतं ते बघा

चार दिवस कोकणात गेलात आणि तिसऱ्या दिवशी तुम्हीच सगळ्यांना उठवत होतात, तर दोष बहुधा कामाच्या तासांत किंवा प्रवासात आहे. मग वर्क फ्रॉम होमचा एखादा दिवस वाढवून मागणं हाही उपायच.

पण तिथेही समुद्र बघून काहीच वाटलं नाही, दोन आठवड्यांहून जास्त मन उदास आहे, भूक-झोप बिघडलीये, आपण निरुपयोगी आहोत असं वाटतंय, तर चालण्या-बिलण्यावर वेळ न घालवता मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. कुठे जायचं कळत नसेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाईन आहे, १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. जीव द्यावासा वाटत असेल तर आत्ताच फोन करा, आणि घरात कुणालातरी शेजारी बसवून घ्या.