थंडीत मिरचीचं बी उगवत नसेल तर

आमच्या अमळनेरकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगलंच गारठतं आणि उन्हाळी मिरचीचं, भरताच्या वांग्याचं बी नेमकं तेव्हाच टाकायचं असतं. या बियांना 25 ते 30 अंशांची ऊब लागते. पंधराच्या खाली त्या ओल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) नुसत्या पडून राहतात, नाहीतर कुजतात. पहिली दोन वर्षं मी खिडक्या लावून ट्रे घरात ठेवला आणि वीस-वीस दिवस रिकामे कप्पे बघत बसले. सासूबाई म्हणायच्या, "बीले ऊब लागस, ऊन नही." त्या बी ओल्या फडक्यात बांधून चुलीच्या कडेला ठेवायच्या. शेवटी ट्रेमध्ये थर्मामीटर खुपसला. खोलीत 21, कोकोपीटमध्ये 17! ओल सुकताना ट्रे गार पडतो, म्हणून ऊब खालून द्यायची.

बाजारात हीटिंग मॅट, म्हणजे ट्रेखाली ठेवायची विजेवर तापणारी चटई, मिळते. माझं काम तेलाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यावर भागतं. डबा आडवा ठेवून आत 40 वॅटचा जुना पिवळा बल्ब सोडते. एलईडी चालत नाही, तो फारसा तापत नाही. (पिवळा बल्ब शोधायला मला चार दुकानं फिरावी लागली.) डब्यावर विटा, विटांवर ट्रे. लाइट गेली तरी विटा बराच वेळ कोमट राहतात. वायर पाण्यापासून आणि झाकायला गोणपाट घेतलं तर ते बल्बपासून लांब ठेवा. थर्मामीटर तिशीच्या वर गेला तर आणखी एक वीट चढवा.

वीज नकोच असेल तर ताजं शेण आणि कडब्याची कुट्टी ओली करून दीड-दोन फुटांचा ढीग लावा. सुरुवातीला त्यात हात ठेववत नाही, तेव्हा बी शिजेल. हाताला सुखावेल इतका निवला की वर ट्रे ठेवा.

खालून ऊब दिली की कोकोपीट तळातून सुकतं आणि वरून ओलं दिसतं. म्हणून बघून पाणी घालू नका, ट्रे उचलून बघा. हलका लागला तरच घाला.

वांगं साधारण आठवड्यात, मिरची आठ-दहा दिवसांत वर येते. निम्मे कोंब दिसले की ट्रे लगेच उजेडात न्या, ऊब बंद करा. एकदा मी लग्नाला गेले आणि ट्रे दोन दिवस डब्यावरच राहिला. परत आले तर रोपं दोऱ्यासारखी लांब, पांढुरकी होऊन आडवी पडलेली. 98 कप्प्यांतली अकरा वाचली.