गॅरेजमध्ये नेली की शहाणी होणारी गाडी: वॉरंटी असताना या चुका टाळा

खंबाटकी घाटात भर दुपारी बंद पडलेली गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजच्या दारात एका सेल्फमध्ये चालू होते. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर दोन चकरा मारून येतो आणि किल्ली हातात देत म्हणतो, "काही नाहीये साहेब, बिनधास्त चालवा." माझ्या सेकंडहँड पेट्रोल गाडीचं हे नाटक चार महिने चाललं. डीलरची वॉरंटी होती सहा महिन्यांची. त्या काळात मी ज्या चुका केल्या, त्या इथे लिहितो.

पहिली चूक म्हणजे "कधीकधी बंद पडते" एवढंच सांगणं. यावरून मेकॅनिकला काहीच कळत नाही. नंतर मी डॅशबोर्डच्या कप्प्यात एक छोटी वही ठेवली. त्यातली एक नोंद: "50 मिनिटं चालवल्यावर, एसी चालू, चढावर दुसरा गिअर, अचानक बंद. सेल्फ फिरतो, पण आरपीएमचा (इंजिनाच्या फेऱ्यांचा) काटा शून्यावरच. 25 मिनिटांनी आपोआप चालू." मोबाइलवर त्या काट्याचा व्हिडिओही काढला. पुढे तोच कामी आला. इंजिनाच्या क्रँकची (आतल्या मुख्य फिरत्या दांड्याची) स्थिती एक सेन्सर ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरला, कळवत असतो. आतली बारीक तार तापल्यावर तुटक झाली की सिग्नल जातो, ईसीयू स्पार्क आणि पेट्रोल दोन्ही थांबवतो. थंड झाल्यावर तार पुन्हा टेकते आणि गाडी साळसूद होते. सेल्फ मारताना काटा जागचा हलत नसेल, तर बऱ्याच गाड्यांत संशय आधी या सेन्सरवर जातो.

(गाडी चालती असताना इंजिन बंद पडलं, तर ब्रेक पुन्हा पुन्हा दाबू नका. ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरमध्ये एक-दोन वेळा दाबण्यापुरतंच बळ उरलेलं असतं. एकदाच दाबून धरा आणि जड झालेल्या स्टिअरिंगने गाडी कडेला घ्या.)

दुसरी चूक मी ओळखीतल्या एका हुशार माणसाच्या सल्ल्याने केली: बॅटरीचं टर्मिनल काढून पुन्हा लावलं. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा चेक लाइट गेला, आम्ही खूश. पण त्याबरोबर ईसीयूत साठलेला बिघाडाचा कोडही उडाला आणि बिघाडाच्या क्षणी आरपीएम किती होतं, इंजिन किती तापलं होतं, ही नोंदही गेली. म्हणजे पुरावा आपल्याच हाताने पुसला. लाइट आपोआप गेला तरी कोड बराच काळ मेमरीत राहतो. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावायचा ब्लूटूथ स्कॅनर काहीशे रुपयांत मिळतो. त्यावर कोड वाचा, स्क्रीनशॉट घ्या, पण 'क्लिअर'ला हात लावू नका. बाहेरच्या मेकॅनिकला वायरिंग तर उघडूच देऊ नका. डीलरला वॉरंटी नाकारायला आयतंच निमित्त मिळतं.

सगळ्यात महागात पडते ती तोंडी तक्रार. "ठेवून जा, बघतो" म्हणाले तरी जॉब कार्ड, म्हणजे तक्रार आणि कामाची गॅरेजने केलेली लेखी नोंद, झाल्याशिवाय किल्ली द्यायची नाही. तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यायची. त्यांना काही सापडलं नाही, तर तेही तारीख आणि किलोमीटरसकट त्याच कार्डावर लिहून मागायचं. "दोष आढळला नाही" हे वाक्य वाचून राग येतो, पण वॉरंटीच्या मुदतीत तुम्ही तक्रार केली होती हे तेच सिद्ध करतं.

आणि गाडी सकाळी थंड इंजिनाने नेऊ नका. तापवून न्या, नाहीतर अ‍ॅडव्हायझरला शेजारी बसवून तासभर हिंडवा.

वॉरंटीचा कागद मी बिघाड झाल्यावर वाचला, हीही चूकच. अशा अनेक वॉरंट्यांमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स एवढंच असतं, वायरिंग आणि इलेक्ट्रिकल वगळलेलं. सेन्सर बसतो इंजिनावर, पण डीलर म्हणणार इलेक्ट्रिकल! सही करण्यापूर्वीच हे विचारून, लिहून घ्या.

एवढं करूनही डीलर दाद देत नसेल, तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यानंतरचं दार जिल्हा ग्राहक आयोगाचं. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तिथे जाता येतं आणि गाडीला मोजलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. मात्र गाडी शेजाऱ्याकडून किंवा मित्राकडून घेतली असेल, तर हा रस्ता उपयोगाचा नाही. तो धंदा करणाऱ्या विक्रेत्यासाठी आहे.

माझ्या गाडीच्या नाटकाचा शेवट डीलरच्याच गॅरेजमधल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकने केला. व्हिडिओ पाहिला, सेन्सर काढला, आतली तार जोडलेली आहे का ते दाखवणाऱ्या मीटरच्या पिना लावल्या आणि हॉट एअर गनने तापवायला लागला. मिनिटभराने मीटरवरचा आकडा गायब. गार झाला, आकडा परत. अ‍ॅडव्हायझर म्हणाला, "पण वॉरंटी नऊ दिवसांपूर्वी संपली." मी आधीची दोन जॉब कार्डं टेबलावर ठेवली, दोन्हींवर त्याच्याच अक्षरात "दोष आढळला नाही". तिसऱ्या कार्डावर रकमेच्या रकान्यात त्याने शून्य लिहिलं. जुना सेन्सर मी मागून घेतला, वहीशेजारी त्याच कप्प्यात पडलाय.