नागपूरहून मार्कंड्याला जाताय? या चुका टाळा

वैनगंगेच्या काठावरचं मार्कंडा हे गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी तालुक्यातलं छोटंसं गाव, जुन्या कोरीव देवळांसाठी ओळखलं जाणारं. नागपूरपासून सुमारे 180 ते 190 किलोमीटर. ‘विदर्भाचं खजुराहो’ ऐकून लोक रविवारी उशिरा निघतात, भर दुपारी पोहोचतात आणि वीस मिनिटांत परत फिरतात. दोष देवळांचा नसतो, बेत चुकलेला असतो.

भलत्याच मार्कंड्याला पोहोचणं

नकाशावर नुसतं ‘मार्कंडा’ टाकू नका. आष्टीच्या बाजूला मार्कंडा (कंसोबा) नावाचं दुसरं गाव आहे. हरियाणातही मार्कंडा आहे, पण ते निदान लगेच लक्षात येतं. आष्टीकडचं येत नाही, कारण तेही गडचिरोली जिल्ह्यातच आहे. ‘मार्कंडा देव’ किंवा ‘मार्कंडेश्वर मंदिर, चामोर्शी’ असं शोधा आणि खूण वैनगंगेला लागून आहे ना, ते पाहा. नकाशा घरीच उतरवून घ्या, जंगलपट्ट्यात नेटवर्कचा भरवसा नाही.

रस्ता आणि नदी

स्वतःची गाडी असेल तर दिघोरीवरून उमरेड रोड धरा. पुढे भिवापूर, नागभीड, सिंदेवाही, मूल. मूलहून चामोर्शीच्या रस्त्याला लागलं की हरणघाटचा पूल येतो. मूल वैनगंगेच्या अलीकडे, देवळं पलीकडे. त्यामुळे हा पूल ओलांडण्याआधीच नकाशा तुम्हाला नदीकाठच्या एखाद्या गावाकडे वळवत असेल तर वळू नका. जवळचा वाटणारा तो रस्ता समोरच्या तीरावर नेऊन सोडेल. पूल पार केल्यावर मार्कंड्याचा फाटा विचारत जा.

नागभीड ते मूल हा रस्ता वाघांच्या मुलखातून जातो. रानडुक्कर, चितळ आडवे येणं इथे नवलाचं नाही. हा टप्पा अंधारात करायचा नाही. म्हणजे पहाटे साडेपाचला नागपूर सोडायचं, दहाच्या आत पोहोचायचं आणि तीनला परतीला लागायचं. हिवाळ्यात सहाच्या आधीच दिवस मावळतो, तोवर नागभीड मागे पडलं पाहिजे. पेट्रोल, डिझेल मूलला भरून घ्या.

एसटीनं जाणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे नागपूरहून थेट बस शोधत बसणं. गणेशपेठच्या बसस्थानकावरून गडचिरोली, तिथून चामोर्शी, आणि उरलेल्या आठ-दहा किलोमीटरसाठी ऑटो, असा टप्प्याटप्प्यानं बेत करा. ऑटो जाऊन-येऊन ठरवा, थांबण्याच्या वेळेसकट भाडं आधीच बोला; एकेरी भाड्यानं उतरलात तर परतायला वाहन मिळेलच असं नाही. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ सकाळीच चामोर्शी आणि गडचिरोली स्थानकांवर विचारून ठेवा, जुन्या वेळापत्रकाच्या फोटोवर विसंबू नका.

दिवस चुकणं

महाशिवरात्रीला इथे मोठी जत्रा भरते आणि ती बरेच दिवस चालते. दर्शनासाठी, जत्रेसाठी जायचं असेल तर जरूर तेव्हा जा. शिल्पं पाहायची असतील तर अजिबात नको. गाड्या लांब अडवतात, रांगेतून पुढे सरकण्यापलीकडे काही करता येत नाही. श्रावणी सोमवारचं तेच. पावसाळ्यात गोसेखुर्द धरणाचे दरवाजे उघडले की वैनगंगा फुगते आणि जिल्ह्यातले रस्ते बंद पडतात. त्यामुळे त्या दिवसांत आदल्या संध्याकाळी गडचिरोली जिल्ह्याच्या पुराच्या सूचना पाहिल्याशिवाय निघू नये. मे महिन्यात आवारातला दगड असा तापतो की अनवाणी उभं राहवत नाही; जाणं भागच असेल तर जाड सुती मोजे पिशवीत ठेवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीची सुरुवात, मधल्या वारी, हेच उत्तम.

शिखर पाहायला जाणं

मुख्य मार्कंडेश्वर मंदिराचा माथा पूर्वी वीज पडून ढासळला होता, आणि अलीकडे जीर्णोद्धारासाठी त्याचे दगड उतरवले गेले. ते काम बरीच वर्षं रेंगाळलं. जुन्या फोटोतलं देऊळ डोक्यात ठेवून गेलात तर हिरमोड होईल. बांबू, पत्रे, रचून ठेवलेले दगड दिसतील असं धरूनच जा. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅमनं 1873-74 च्या मध्य प्रांताच्या दौऱ्यात इथली नोंद केली, तेव्हा एकाच आवारात वीसेक देवळं होती. आज त्यातली बरीच पडली आहेत. लोक सरसकट हेमाडपंती म्हणतात, पण ही देवळं तेराव्या शतकातल्या हेमाद्री पंडिताच्या आधीची मानली जातात.

खरा ऐवज मुख्य मंदिराच्या बाहेरच्या भिंतींवर आहे. एकावर एक पट्ट्यांत शिव-पार्वतीची रूपं, सुरसुंदरी, मिथुनशिल्पं. घाई केली तर सगळ्या मूर्ती सारख्याच दिसतात. एक कोपरा धरा, खालच्या पट्टीपासून वर जा, मग प्रदक्षिणेच्या दिशेनं पुढची भिंत. दहा-साडेदहापर्यंत आणि तीननंतर ऊन तिरपं पडतं आणि कोरीव काम उठून दिसतं. डोक्यावरच्या उन्हात तीच भिंत सपाट वाटते, फोटोही फिके येतात. आतल्या गाभाऱ्यांसाठी छोटी बॅटरी हवी. मृकंड ऋषी, यमधर्म यांची देवळं आणि दशावताराची लांबट ओवरी बहुतेकजण टाळून जातात. आवाराला निदान दोन तास द्या.

स्मारक केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. ट्रायपॉड आणि ड्रोनला आधी परवानगी लागते, दारावर हुज्जत घालून मिळत नाही. मूर्तींना तेल, शेंदूर, खडू लावू नका, तुटक्या दगडावर चढून फोटो नको. संरक्षित स्मारकाचं नुकसान केल्यास कायद्यानं दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

नदी, जेवण, पैसे

इथे वैनगंगा उत्तरवाहिनी होते, म्हणून स्नानाला महत्त्व. पण पात्र शांत दिसतं म्हणून खोल नाही असं समजू नका. रेतीखाली डोह असतात आणि वरच्या धरणातून पाणी सुटलं की पातळी चढते. मुलांना काठावरच ठेवा.

जत्रा सोडली तर गावात चहा-फराळापलीकडे फारसं धरून चालू नये. नाश्ता उमरेडला, जेवण मूल किंवा चामोर्शीला, किंवा सरळ डबा. एटीएमचं काम चामोर्शीतच उरका, दहा-वीसच्या नोटा ठेवा. मुक्काम करायचा तर गडचिरोली किंवा चंद्रपूर.

आणि ‘आलोच आहोत तर हेमलकसाही करून टाकू’ हा विचार त्याच दिवशी नको. चामोर्शीपासून ते आणखी शंभरावर किलोमीटर आत, आलापल्लीच्या जंगलातून आहे. दुसरं काही जोडायचंच असेल तर परतीचा रस्ता बदला: गडचिरोलीवरून आरमोरी, तिथून वैरागडचा किल्ला. पण मग मार्कंडा तीनऐवजी एक वाजताच सोडावं लागेल.