माणूस गेलाय की नाही, बघायचं कसं?

नाकाशी आरसा, सूत धरून बघण्यात वेळ घालवू नका, युरोपात पूर्वी हेच चालायचं आणि 1740 मध्ये पॅरिसच्या विन्स्लो नावाच्या डॉक्टरने लिहिलंच की असल्या खुणांवर भरवसा नाही, प्रेत सडायला लागलं तरच खात्री. मग जर्मनीत मुडदे सडेपर्यंत ठेवायची खास घरं निघाली, म्युनिकला तर प्रेताच्या बोटाला दोरी बांधून घंटीला जोडायचे!! (रात्रपाळीवाल्याचं काय होत असेल). 1816 ला फ्रेंच डॉक्टर लेनेकचा स्टेथोस्कोप आला, पुढे तिथलाच डॉक्टर बूशू म्हणाला छातीला लावून दोन मिनिटं ऐका, ठोका नसेल तर माणूस गेला.

आपण काय करायचं? हाक मारा, खांदे हलवा, श्वास नीट नसेल तर 108 लावा आणि छातीच्या मधोमध मिनिटाला 100-120 दाब द्या. गारठलेल्याची नाडी पटकन लागत नाही, म्हणून लगेच आशा सोडू नका.